सुई लागण्याआधीचे रक्त

पावसाळा सरत आला आणि डेंग्यूची साथ पसरली की आपल्याकडे एक शब्द घरोघरी ऐकू येऊ लागतो : प्लेटलेट. ‘काकांच्या किती आल्या?’, ‘सकाळी चाळीस हजार होत्या, आता पन्नास झाल्या’ अशी चौकशी किराणा दुकानापासून रुग्णालयाच्या जिन्यापर्यंत चालते. शाळेच्या पुस्तकात याला रक्तपट्टिका म्हणतात. मराठी विश्वकोशाने ‘बिंबाणू’ असा देखणा शब्द दिला. लोकांनी मात्र प्लेटलेटच जवळ केली. मी सोयीसाठी नुसते पट्टिका म्हणतो.

डेंग्यूमध्ये आपण पट्टिकांची संख्या मोजतो, म्हणजे डोकी मोजतो. ही मंडळी शरीरात स्वस्थ बसून आहेत की कुठे कामाला लागली आहेत, हे डोकी मोजून कळत नाही. त्यासाठी त्यांनी रक्तात काय सोडले ते पाहावे लागते. पट्टिका कामाला लागली की आपल्या पोटातली काही खास प्रथिने बाहेर टाकते. ती प्रथिने मोजण्याच्या खटाटोपाची हकीगत मला आज सांगायची आहे. आम्ही कवी मंडळी ‘रक्त’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. ज्यांनी त्याचा एकेक थेंब समजून घेण्यात हयात घालवली, त्यांची गोष्ट त्यामुळेच मला जवळची वाटते. या सगळ्या गोष्टीत एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो. आपल्याला नळीत जे दिसते आहे, ते माणसाच्या अंगात होते, की आपण सुई टोचल्यामुळे झाले?

आधी पट्टिकांची थोडी ओळख करून घेऊ. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख पट्टिका असतात. एकेक पट्टिका एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-तीन भाग एवढी रुंद. तिला केंद्रक नसते. हाडांच्या पोकळीतल्या मगज्यात मोठमोठ्या पेशी असतात, त्यांचे हे तुकडे. ही जन्मकथा जेम्स होमर राइट या अमेरिकी डॉक्टरने १९०६ मध्ये मांडली. आयुष्य जेमतेम सात ते दहा दिवसांचे. पण रक्तवाहिनीला कुठे चीर पडली की पहिल्यांदा धावून जातात त्या याच. तिथे चिकटतात, एकमेकींना बोलावतात आणि भोकाला बूच बसवतात.

या धावून जाण्याच्या स्वभावानेच शास्त्रज्ञांना छळले. पट्टिकेच्या दृष्टीने जखम आणि डॉक्टरची सुई यांत काही फरक नाही. काचेचा स्पर्श झाला तरी ती चिकटते आणि रूप बदलते. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवेपर्यंत तिचा गोळा झालेला असायचा. मॅक्स शुल्ट्झे या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये रक्तातल्या अशा बारीक कणांच्या पुंजक्यांचे वर्णन केले. हा लाल पेशींचा चुरा, हा पांढऱ्या पेशींचा भुगा, अशी मते पुढेही बराच काळ चालत राहिली. पॅरिसच्या जॉर्ज आयेमला वाटत होते की या लाल पेशी होण्याआधीच्या कोवळ्या पेशी असाव्यात.

विल्यम ऑस्लर हा कॅनडाचा तरुण डॉक्टर तेव्हा लंडनमध्ये शिकत होता. पुढे वैद्यकाचा महागुरू म्हणून त्याचे नाव झाले. बाहेर काढलेल्या रक्तात पुंजके दिसतात, हे त्यानेही पाहिले. पण एकदा उंदराच्या त्वचेखालच्या ऊतीत एक बारीकशी शीर त्याला सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. तिच्यातल्या रक्तात हेच कण सुटे सुटे होते, एकही पुंजका नव्हता. १८७४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. म्हणजे पुंजका हा रक्ताचा गुण नव्हता. रक्त बाहेर काढल्याचा तो परिणाम होता.

या प्रश्नाचा पक्का निकाल इटलीतल्या तुरीन शहरात लागला. जुलिओ बिझ्झोझेरो या प्राध्यापकाने रक्त बाहेर काढायचेच नाही असे ठरवले. ससे आणि गिनीपिग यांना गुंगी देऊन त्याने त्यांच्या आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि त्यातल्या वाहत्या रक्तात पाहिले. तिथे लाल आणि पांढऱ्या पेशींबरोबर तिसरा, रंगहीन, चपटा कण वाहत होता. मग त्याने रक्तवाहिनीला मुद्दाम इजा केली. पट्टिका त्या जागी येऊन चिकटल्या, त्यांचा थर वाढत गेला. १८८२ मध्ये त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि या कणांना ‘छोट्या तबकड्या’ अशा अर्थाचे नाव मिळाले. आपली ‘पट्टिका’ त्याच घराण्यातली.

यानंतर प्रश्न आला तो पट्टिकेच्या पोटाचा. तिच्या आत बारीक पुरचुंड्या असतात. ती चेतवली गेली की त्या पुरचुंड्या उघडतात आणि आतला ऐवज रक्तात सांडतो. त्यातले एक प्रथिन हेपॅरिनचा परिणाम मोडून काढते. हेपॅरिन म्हणजे रक्त साकळू न देणारे औषध. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ मध्ये जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला त्याचा माग लागला होता. त्याला निष्प्रभ करणाऱ्या पट्टिकेतल्या या प्रथिनाला ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ असे क्रमांकाचे रूक्ष नाव पडले. आपण त्याला ‘फॅक्टर चार’ म्हणू.

नाव मिळाले, पण मोजायचे कसे? ही प्रथिने मोजायला नॅनोग्रॅम हे माप लागते. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. असा तराजू जगात नव्हता. तो न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात तयार झाला. रोझालिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर तिथे मधुमेहाचा अभ्यास करत होते. प्राण्यांपासून काढलेले इन्शुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्या इन्शुलिनला पकडणारी प्रतिपिंडे तयार होतात, असे त्यांना दिसले. संपादकांना हे पटेना. प्रबंध आधी साभार परत आला, आणि १९५६ मध्ये छापला तो शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढून टाकल्यावर. नाकारल्याचे ते पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवले आणि पुढे नोबेल व्याख्यानात लोकांना दाखवले.

या प्रतिपिंडांतूनच मोजमापाची युक्ती निघाली. ती समजायला आपली पंगत बरी. समजा, पंगतीला शंभरच पाने मांडली आहेत. आपली स्वतःची शंभर माणसे लाल फेटा बांधून आली आहेत. बाहेरून आणखी काही बिनफेट्याचे पाहुणे आले, पण किती ते ठाऊक नाही. सगळ्यांना एकदम आत सोडले. पाने भरल्यावर बसलेल्यांपैकी लाल फेटे तेवढे मोजायचे. शंभरच्या शंभर फेटे बसलेले असतील, तर पाहुणा एकही नाही. पन्नासच फेटे दिसले, तर पाहुणे फेटेवाल्यांइतकेच आले होते. पाने म्हणजे प्रतिपिंडे. लाल फेटा म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेले प्रथिन. बिनफेट्याचा पाहुणा म्हणजे रुग्णाच्या रक्तातले प्रथिन. त्याला हातही न लावता त्याची संख्या कळते. १९६० पर्यंत या पद्धतीने माणसाच्या रक्तातले इन्शुलिन मोजून झाले. दोघांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले, त्यामुळे १९७७ चे नोबेल घ्यायला यॅलोबाई एकट्याच उरल्या होत्या.

आता रक्तरस आणि रक्तद्रव या दोन शब्दांतला फरक सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. रक्त नळीत तसेच ठेवले तर ते साकळते. गुठळीवर जे पिवळसर पाणी सुटते, तो रक्तरस म्हणजे सीरम. रक्त साकळू नये म्हणून नळीत औषध घातले आणि पेशी खाली बसवल्या, तर वर राहतो तो रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा. दिसायला दोन्ही सारखेच. पण रक्तरसात पट्टिका आपले पोट रिकामे करून मोकळ्या झालेल्या असतात.

हा फरक किती मोठा, ते सिएटलच्या रसेल रॉस यांनी १९७४ मध्ये दाखवले. धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी काचेच्या भांड्यात वाढवायला तेव्हा रक्तरस घालत. रॉस यांनी पट्टिका आधीच काढून टाकलेल्या रक्तद्रवापासून रस तयार केला आणि तो घातला. पेशी जगल्या, पण फारशा वाढल्या नाहीत. त्यात पट्टिकांमधला ऐवज मिसळताच वाढू लागल्या. तोवर लोक ‘रक्ताचा गुण’ म्हणत होते, तो नळीत फुटलेल्या पट्टिकांचा गुण निघाला. नळीतली भानगड नेमकी ओळखल्यामुळे एक मोठा शोध लागला. पेशींना वाढवणाऱ्या त्या प्रथिनाचे कर्करोगाशी असलेले नाते १९८३ मध्ये उघड झाले.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत मूर, पेपर आणि कॅश या तिघांनी पट्टिकेच्या पोटातले आणखी एक प्रथिन वेगळे काढले. त्याचे नाव बीटा-थ्रॉम्बोग्लोब्युलिन. ते पट्टिकांचे खास प्रथिन होते. त्याच वर्षी तिथल्याच ख्रिस्तोफर लडलम आणि सहकाऱ्यांनी ते मोजण्याची किरणोत्सर्गी चाचणी तयार केली आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक आशा मांडली. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली, तर ती या चाचणीने लवकर ओळखता येईल.

या आशेचे मोल समजून घ्यायला हवे. शस्त्रक्रिया होऊन माणूस खाटेवर पडलेला असतो. पायाच्या शिरेत नकळत गुठळी धरते. एके दिवशी ती सुटून फुफ्फुसात जाते आणि काल हसत बोलणारा माणूस आज नसतो. ती गुठळी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग त्या काळी होता शिरेत रंगद्रव्य टोचून क्ष-किरण चित्र काढण्याचा. रुग्णाला तो त्रासाचा. रक्ताच्या चार थेंबांत उत्तर मिळाले असते तर कितीक जीव वाचले असते.

पण आडवी आली ती सुईच. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तद्रवात हे प्रथिन साधारण वीस ते पन्नास नॅनोग्रॅम असते. तेच रक्त साकळू दिले तर रक्तरसात ते दहा हजारांच्या वर जाते. याचा हिशोब करून पाहा. रक्त घेताना हजारातली एक पट्टिका जरी फुटली, तरी आकडा दुप्पट होऊ शकतो. दंडाला पट्टा घट्ट आवळला, शीर सापडेना म्हणून दोनदा टोचले, नळी जोरात हलवली, की निरोगी माणूस कागदावर आजारी होतो.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. बाराव्या शतकात निजामी अरूजी याने ‘चहार मकाला’ या फारसी ग्रंथात ती सांगितली आहे. गुरगान शहरात एक तरुण अंथरुणाला खिळला होता आणि कोणा हकिमाला रोग कळेना. इब्न सिनाने त्याच्या नाडीवर बोट ठेवले आणि एका जाणकाराला शहरातल्या मोहल्ल्यांची नावे घ्यायला लावली. एका नावाला नाडी उसळली. मग त्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या, मग घरे, मग घरातली माणसे. शेवटच्या नावाला नाडी पुन्हा उसळली आणि तरुणाचा रोग म्हणजे प्रेम आहे, हे उघड झाले. हकीम मुद्दाम डिवचत होता आणि कोणत्या शब्दाने डिवचले ते त्याला ठाऊक होते. एडिंबरोतल्या मंडळींची अडचण याच्या उलट होती. त्यांना न डिवचता ऐकायचे होते.

त्यासाठी त्यांनी बसवलेली रीत एखाद्या व्रतासारखी आहे. पट्टा शक्य तर बांधायचाच नाही. सुई जरा जाड घ्यायची, म्हणजे रक्त आपसूक वाहते. सुरुवातीचे थोडे रक्त बाजूला टाकायचे, कारण जखमेची पहिली हाक त्यात असते. नळी आधीच बर्फात गार करून ठेवायची. तिच्यात रक्त साकळू न देणारे औषध हवे, शिवाय पट्टिकांना शांत ठेवणारी औषधेही हवीत. मग गार यंत्रात फिरवून वरच्या द्रवातला फक्त मधला भाग अलगद काढायचा. पुढे यासाठी तयार मिश्रणाच्या खास नळ्याही निघाल्या.

एवढे करूनही शंका उरत होती. ती फेडण्याची युक्ती कॅरन कॅप्लन आणि जॉन ओवेन यांनी १९८१ मध्ये नीट मांडली. त्यांनी एकाऐवजी दोन साक्षीदार बोलावले, बीटा-थ्रॉम्बोग्लोब्युलिन आणि आपला फॅक्टर चार. पट्टिका दोन्ही एकदमच सोडते. पण शरीरात सोडलेला फॅक्टर चार रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चटकन चिकटून रक्तातून नाहीसा होतो, तर दुसरे प्रथिन बराच वेळ फिरत राहते. नळीला मात्र अस्तर नसते. म्हणून पट्टिका शरीरात फुटल्या असतील तर पहिल्याचा आकडा बराच चढतो आणि दुसऱ्याचा थोडाच. दोन्ही आकडे हातात हात घालून चढले, तर समजावे की हा गोंधळ नळीतला आहे. कोर्टात दोन साक्षी ताडून पाहतात, तसेच हे.

काहींनी रक्ताला बगल देऊन शरीरातल्या दुसऱ्या द्रवांकडे मोर्चा वळवला. सांधेदुखीच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात ही प्रथिने शोधली गेली. तिथेही सुई लागतेच आणि तिच्याबरोबर रक्ताचा थेंब आत शिरण्याची भीती असते. मूत्राला सुई लागत नाही, म्हणून मूत्रातही मोजून पाहिले. पण मूत्रपिंडे ही बारीक प्रथिने बहुतेक मोडून टाकतात आणि हाती अगदी थोडी लागतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात तर पट्टिका शांत असतानाही आकडा चढलेला दिसतो. प्रत्येक द्रवाला त्याची त्याची खोड आहे.

शेवटी गुठळीच्या निदानासाठी रुग्णालयांत रूढ झाली ती डी-डायमर नावाची वेगळी चाचणी. शरीर गुठळी विरघळवते तेव्हा तिचे जे तुकडे पडतात, ते ती मोजते. असे तुकडे सुई टोचल्याने क्षणात तयार होत नाहीत, हा तिचा मोठा गुण. एडिंबरोची चाचणी संशोधनाच्या खोलीतच राहिली. म्हणून ती वाया गेली असे कोणी समजू नये. रक्त कसे घ्यावे याची शिस्त तिने घालून दिली. फॅक्टर चारचा अभ्यास तर पुढे फार कामी आला.

हेपॅरिन घेणाऱ्या काही रुग्णांत पट्टिका घटतात आणि तरीही गुठळ्या होतात, हे कोडे डॉक्टरांना सतावत होते. १९९२ मध्ये फ्रान्सच्या झाँ आमिराल यांच्या गटाने दाखवले की हेपॅरिन आणि फॅक्टर चार यांची जोडी जमते आणि शरीर त्या जोडीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग २०२१ चा वसंत आला. युरोपात अॅस्ट्राझेनेकाची कोविड लस घेतलेल्या मोजक्या लोकांना मेंदूच्या शिरांत गुठळ्या झाल्या आणि पट्टिका मात्र घटलेल्या. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या आंद्रेआस ग्राइनाखर यांना हे चित्र ओळखीचे वाटले. या रुग्णांनी हेपॅरिन घेतले नव्हते, तरी फॅक्टर चारविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात सापडली. ती शोधणारी पद्धत पंगतीच्याच कुळातली होती, फक्त लाल फेट्याऐवजी रंग आणणारे विकर वापरणारी. १९७१ मध्ये स्टॉकहोम आणि नेदरलँड्समध्ये ती निघाली होती. एप्रिल २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि अशा रुग्णांना हेपॅरिन टाळून काय द्यायचे, याची दिशा मिळाली.

हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशील्ड या नावाने तयार होत होती आणि आपल्यापैकी अनेकांच्या दंडात गेली होती. केंद्र सरकारच्या समितीने १७ मे २०२१ रोजी सांगितले की तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ गुठळ्यांच्या असू शकतात, म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०.६१. धोका फार थोडा होता. पण त्या थोड्यांत जे सापडले त्यांच्यासाठी योग्य चाचणी वेळेवर होणे, हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

आता पुन्हा आपल्या डेंग्यूच्या कागदाकडे येऊ. पट्टिका मोजायला रक्त घेतात त्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. काही थोड्या लोकांच्या रक्तात या रसायनामुळे पट्टिका एकमेकींना चिकटतात. यंत्राला तो झुबका पट्टिकांचा आहे हे कळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. अंगात पट्टिका पुरेशा आणि कागदावर मात्र धोक्याची घंटा! जाणकार तंत्रज्ञ अशा वेळी काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहतो. तिथे त्याला १८६५ मध्ये शुल्ट्झेला दिसले होते तसेच पुंजके दिसतात. मग तो दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा रक्त घेतो. डेंग्यूत पट्टिका खरोखरच घटतात, तेव्हा कोणी अहवाल उडवून लावू नये. पण आकडा आणि रुग्णाची तब्येत यांचा मेळ बसत नसेल, तर ‘काचपट्टी पाहिली का?’ एवढे विचारायला हरकत नाही.

प्रयोगशाळेत पहाटेपासून खुर्चीवर बसून आपल्या दंडातून रक्त घेणारी मुलगी आपल्याला बहुधा नावानेही ठाऊक नसते. आकडा खरा की खोटा हे पुष्कळदा तिच्या हाताच्या हलकेपणावर ठरते. ‘जरा हात सैल सोडा,’ असे ती म्हणते, तेव्हा दीडशे वर्षांचे शहाणपण त्यात असते. हात सैल सोडावा.